सुलतानपूरच्या वाटेवर

खांडबारा स्टेशनच्या फलाटावर बसा. भुसावळकडची गाडी जाऊ द्या. श्वास आपोआप संथ होईल, त्याला हाकू नका.

आता मनातून रूळ काढून टाका. 1580 उजाडलं आहे. इथून उत्तरेला, तापीच्या खोऱ्यातून सुरतेची मंडळी सुलतानपूरकडे चालली आहेत. तेच सुलतानपूर, जे आज शहादा तालुक्यात आहे. त्यांच्यात तीन जेझुइट पाद्री आहेत: रुडॉल्फ अक्वाविवा, अंतोनियो मोन्सेरात आणि फ्रान्सिस्को एन्रीकेश. अकबराच्या बोलावण्यावरून 17 नोव्हेंबर 1579 ला त्यांनी गोवा सोडलं. एन्रीकेश होर्मुझचा, पूर्वाश्रमीचा मुसलमान. फारसी बोलायला भिस्त त्याच्यावर.

इस्लाम समजून घ्यावा म्हणून ते निघाले नव्हते. तो खोडून काढायचा होता. इथे थांबा. हे गोड करून सांगायची गरज नाही.

पण खोडायचं तरी आधी ऐकावं लागतं. अकबराच्या दरबारात, फत्तेपूर सिक्रीत उलेमांसमोर वाद घालायचा म्हणजे समोरचा नेमकं काय मानतो ते कळायला हवं. मोन्सेरातने पुढे लॅटिनमध्ये सगळं लिहून काढलं. पैगंबरांबद्दल त्याची लेखणी कडवट आहे, आज वाचतानाही बोचते. तोच माणूस अकबराकडे बघतो तेव्हा रुंद खांदे, किंचित वाकडे पाय, उजव्या खांद्याकडे झुकलेली मान, असं एकेक टिपतो. शाहजादा मुराद त्याचा शिष्य होता. शिकवता शिकवता घरातलं माणूस दिसतंच. त्याचा पूर्वग्रह आणि त्याचं निरीक्षण एकाच कागदावर आहेत. दोन्ही शेजारी ठेवून पाहा. एकाने दुसऱ्याला पुसावं अशी घाई मन करील, करू द्या. तुम्ही मात्र दोन्ही राहू द्या.

पुढे इथिओपियाला जाताना मोन्सेरात अरबस्तानच्या किनाऱ्यावर पकडला गेला. ग्रंथ पुरा झाला तो येमेनमधल्या सना शहरात, कैदेत. हस्तलिखित 1906 मध्ये कलकत्त्यात सापडलं, आणि इंग्रजीत आणलं नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातल्या जे. एस. हॉयलंड यांनी, 1922 मध्ये. हॉयलंडही मिशनरीच, पण क्वेकर. वाद जिंकायची जेझुइटांची उमेद त्यांच्यापर्यंत कशी पोचली असेल, हा प्रश्न मला राहून राहून पडतो.

आता दिशा उलटी करा. जेझुइटांच्या नंतरच्या एका खेपेला आलेला पाद्री जेरोम झेवियर लाहोरच्या अब्दुस सत्तारकडे फारसी शिकला. त्याच्याच मदतीने 1602 मध्ये झेवियरने फारसीत ख्रिस्तचरित्र लिहिलं. आणि अकबराच्या हुकमावरून अब्दुस सत्तार झेवियरकडे लॅटिन शिकला, मग युरोपच्या तत्त्ववेत्त्यांवर त्याने फारसीत ग्रंथ लिहिला.

तुमच्या श्रद्धेबद्दल असं कोणी लिहायला बसलं आहे असं धरा. त्याला तुमच्या घरात कोणाशी बोलू द्याल?