वय की पारख?

एखादी वस्तू अजून कामाची आहे की नाही, हे ठरविण्याचे दोन मार्ग माणसाने फार पूर्वीपासून अवलंबिले आहेत. एक, तिचे वय विचारणे. दुसरा, तिला हातात घेऊन पाहणे. पहिला मार्ग सोपा. त्यात कोणाच्या शहाणपणाची गरज नाही आणि कोणावर विश्वासही टाकावा लागत नाही. दुसरा कठीण, कारण पाहणाऱ्याला दृष्टी असावी लागते आणि पाहिले तेच लिहिण्याची नियतही असावी लागते. जुन्या मोटारीच्या तपासणीचा प्रश्न वरकरणी यंत्राचा दिसतो. परंतु त्याच्या मुळाशी, या दोन मार्गांपैकी न्याय्य कोणता, हा नीतीचा प्रश्न आहे. आणि ज्यांचे आयुष्य दाखले देण्यात व मागण्यात गेले, त्या आपल्यासारख्या सरकारी नोकरांना तो परका वाटू नये.

आपला कायदा दोन्ही मार्गांनी चालतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे भाड्याने चालणाऱ्या वा माल वाहणाऱ्या गाडीला योग्यतेचा दाखला लागतो. आजच्या नियमाप्रमाणे गाडी ८ वर्षांची होईपर्यंत तो २ वर्षांसाठी मिळतो आणि पुढे दर वर्षी नवा घ्यावा लागतो. आपल्याकडे ड्रायव्हर लोक ज्याला 'पासिंग' म्हणतात, ते हेच. घरच्या मोटारीची गोष्ट निराळी. तिची नोंदणी १५ वर्षांची असते. तोवर धुराच्या तपासणीखेरीज सरकार तिला काही विचारीत नाही. पंधरा वर्षांनंतर मात्र ती तपासणीस न्यावी लागते, आणि पास झाल्यास पुढे ५-५ वर्षांची मुदत मिळते. या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेली. म्हणजे एकाच रस्त्यावरून धावणाऱ्या दोन जुन्या जीपगाड्यांपैकी एक दर वर्षी परीक्षेला बसते, तर दुसरी पाच वर्षांतून एकदा. आणि रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाला या दोहोंतील भेद कळण्याचा मार्ग नाही.

झाशी जिल्ह्याच्या पूर्वेकडील गरौठा तहसिलीचे उदाहरण घ्यावे. येथे मराठी बोल अगदीच नवा नाही. जवळच्या गुरसरायला मराठी घराण्याची जहागीर होती. आज मराठी माणूस या बाजूला येतो तो बहुधा बदलीच्या हुकमावर, आणि पुष्कळदा आपली जुनी मोटार बरोबर घेऊन. परराज्यात गाडी १२ महिन्यांहून अधिक राहिली की तिला तेथील क्रमांक घ्यावा लागतो. 'एमएच' जाऊन 'यूपी ९३' येते. २०२१ मध्ये निघालेल्या 'बीएच' मालिकेने बदलीच्या नोकरांचा हा त्रास पुष्कळ हलका केला आहे. परंतु कागद बदलला तरी गाडीची प्रकृती नव्या हवेला तोंड देतच असते. समुद्रकाठच्या खाऱ्या वाऱ्याने पत्र्याला गंज चढतो. बुंदेलखंडाच्या कोरड्या हवेत तो मंदावतो, पण येथील उन्हाळा रबरावर उठतो. पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की टायरच्या कडांना भेगा पडतात, पाण्याच्या व ब्रेकच्या नळ्या ताठरतात, बुश सुकून गाडी खडखडू लागते.

अशी गाडी तपासणीस नेली, की एक गोष्ट ध्यानात येते. मालकाचा सारा अभिमान इंजिनात असतो. 'एका चावीत उचलते' हे त्याचे प्रशस्तिपत्र. परंतु जुनी गाडी इंजिनावर सहसा अडत नाही. ती अडते एका चाकाला कमी धरणाऱ्या ब्रेकवर, उतारावर न थांबविणाऱ्या हँडब्रेकवर, स्टिअरिंगच्या ढिलाईवर, आभाळाकडे पाहणाऱ्या दिव्यांवर आणि नक्षी १.६ मिलिमीटरांहून खाली गेलेल्या टायरवर. इंजिन मालकाच्या सोयीसाठी असते; ब्रेक आणि दिवे हे पुष्कळ अंशी इतरांसाठी असतात. तपासणी गाडीचा जो भाग पाहते तो मुख्यत्वे परक्याच्या हक्काचा भाग आहे, आणि म्हणूनच मालकाला ती नेहमी थोडी अन्यायाची वाटते.

परंतु तपासणीलाही मर्यादा आहेत. तपासणारा गाडी काही मिनिटे पाहतो. मालक ती वर्षभर पाहतो. दाखला एका सकाळची साक्ष देतो, आणि त्या सकाळपुरते टायर उसने आणून बसविल्याच्या गोष्टी कोणत्याही गॅरेजात ऐकावयास मिळतात. इंग्लंडमध्ये १९६० साली सक्तीच्या वार्षिक तपासणीची सुरुवात झाली ती १० वर्षांवरील गाड्यांपासून. १९६७ पर्यंत ही अट ३ वर्षांवर आली. तेथील एक प्रथा मला विचारार्ह वाटते. पास झालेल्या गाडीच्या कागदावरही 'अमुक टायर झिजत आला आहे' असा सूचनेचा शेरा मारतात, आणि गाडीचा क्रमांक घालून तिच्या मागील तपासण्यांचे निकाल कोणालाही पाहता येतात. पास आणि नापास या दोन शब्दांच्या मध्ये जे खरे असते, ते लिहून ठेवण्याची ही सोय आहे. जेथे असे लिहिले जात नाही, तेथे दाखला हळूहळू फीच्या पावतीसारखा होतो.

आणि जेथे दाखल्यावरचा विश्वास उडतो, तेथे वय पुढे सरसावते. दिल्ली परिसरात १५ वर्षांवरील वाहनांना आणि १० वर्षांवरील डिझेल वाहनांना हरित न्यायाधिकरणाने २०१४ व २०१५ मध्ये मनाई केली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्याने, ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेल्या या गाडीने मुंबईकरांच्या दोन-तीन पिढ्या वाहिल्या; तिला निरोप देताना तिची प्रकृती कशी आहे, हे कोणी विचारले नाही. त्याच वर्षी १ एप्रिलपासून केंद्राच्या व राज्यांच्या १५ वर्षांवरील वाहनांची नोंदणी, संरक्षणादी कामांतील विशेष वाहने वगळता, संपुष्टात आली. एखाद्या कचेरीतील जीप ड्रायव्हरने पोटच्या पोरासारखी जपलेली असो, की दुसऱ्या कचेरीतील पाच वर्षे झाडाखाली कुजलेली असो. दोघी एकाच तारखेला कंडम ठरल्या.

वयाच्या बाजूनेही न्यायाने बोलले पाहिजे. वयाला ओळखदेख नसते. ते चहा पीत नाही, फोन घेत नाही, साहेबाची गाडी आणि शिपायाची स्कूटर यांत भेद करीत नाही. शिवाय जुन्या बांधणीची गाडी कितीही जपली, तरी धुराच्या बाबतीत नव्या मानकाच्या गाडीची बरोबरी करू शकत नाही. हा दोष निगेचा नसून घडणीचा आहे. परंतु मग निकष घडणीचा असावा, वर्षांचा नव्हे. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीचा प्रश्न पुन्हा आला, तेव्हा ऑगस्टमध्ये केवळ वयाच्या कारणावरून कारवाई न करण्याचा आदेश निघाला, आणि वर्षअखेरीस ते संरक्षण 'बीएस ४' व त्यापुढील मानकांच्या गाड्यांपुरते ठेवण्यात आले. वर्षे मोजण्याकडून घडण पाहण्याकडे टाकलेले हे पाऊल मला योग्य दिशेचे वाटते. २०२१ च्या धोरणात सांगितलेली स्वयंचलित तपासणी केंद्रेही त्याच दिशेची आहेत. ब्रेकचा जोर यंत्राने मोजला की आकड्याला भीड पडत नाही. तरीही कोणती गाडी यंत्रावर चढली आणि कोणती कागदावरच चढली, हे पाहावयास अखेर माणूसच लागतो.

या साऱ्याचा अर्थ माझ्या मते असा : वयाची मर्यादा ही मुळात जुन्या गाडीला दिलेली शिक्षा नव्हे, आपण न पाहता केलेल्या सह्यांचा तो दंड आहे. ज्यांनी पाहावयाचे होते त्यांनी पाहिले असते, आणि पाहिले ते लिहिले असते, तर वर्षे मोजण्याची वेळ क्वचितच आली असती. हा दंड भरतो मात्र तो, ज्याने आपली गाडी खरोखर राखली.

आपल्या नोकरीतही हेच घडत आले आहे. गोपनीय अहवाल ही नोकराची वार्षिक तपासणीच होय. ज्याला त्याला 'अत्युत्तम' लिहिण्याची रीत पडली, की अहवाल असून नसल्यासारखा होतो, आणि मग सेवाज्येष्ठतेखेरीज मोजावयास काही उरत नाही. २००८ मध्ये देवदत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शेरा संबंधितास कळविला पाहिजे असे ठरविले. त्या खटल्यात बढतीच्या आड आलेला शेरा होता 'चांगला'! ज्या व्यवस्थेत 'चांगला' म्हणजे नापास, त्या व्यवस्थेने शब्दांची किंमत आधीच घालविलेली असते. साठाव्या वर्षी सर्वांना एकाच दाराने बाहेर काढणारा नियम आपल्याला कठोर वाटतो. परंतु त्याहून निराळा नियम चालविण्याइतकी खरी पारख आपण एकमेकांची कधी केली काय, हे ज्याचे त्याने मनाशी विचारावे.

गरौठ्यासारख्या ठिकाणी परिवहन कार्यालय दूर झाशीला असते, आणि दाखल्याची मुदत संपेपर्यंत तिकडे कोणी जात नाही. मधल्या दिवसांत गाडीचा तपासनीस म्हणजे मालक आणि नाक्यावरचा मिस्त्री. संध्याकाळी शेतावरून परतणारी म्हैस, मागे दिवा नसलेली ट्रॉली, रस्त्याच्या कडेने चालणारी बाई, यांच्यापैकी कोणीही त्या गाडीचे वय विचारीत नाही की दाखला मागत नाही. समोरून येणाऱ्याने आपला ब्रेक पाहून घेतला असेल, एवढ्या भरवशावर ते वाट चालत असतात. दाखल्यावरची सही त्यांना दिलेला शब्द असते. तो कागद त्यांच्या हाती कधीच जाणार नाही, म्हणून तर सही करताना आणि गाडी बाहेर काढताना अधिक जपले पाहिजे.