खिशातली पुस्तिका आणि खोटा होकार

काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता स्पेनला गेलो होतो. खिशात स्पॅनिश संभाषणाची छोटी पुस्तिका होती. वाट विचारणे, तिकीट काढणे, पाणी मागणे, सारी वाक्ये उच्चारासह छापलेली! संत तेरेजाच्या आविला शहरात बाकावर बसलेल्या एका आजींना आम्ही पुस्तिकेत पाहून विचारले, "दोन्दे एस्ता ला एस्तासिओन?" स्टेशन कुठे आहे? त्यांनी हाताने दिशा दाखवली. मग पर्समधून एका तरुणाचा फोटो काढून त्या बराच वेळ बोलत राहिल्या. आम्हाला काही कळेना. तरी मान डोलवत, हसत आम्ही म्हणत होतो, "सी, सी." हो, हो. आजी एकाएकी गप्प झाल्या.

गाडीत बसल्यावर, कानात राहिलेला 'मुएर्तो' हा शब्द पुस्तिकेच्या शेवटी दिलेल्या शब्दयादीत शोधला. अर्थ होता, 'मृत'.

'नो एन्तिएन्दो', म्हणजे 'मला समजत नाही', हे वाक्यही त्याच पुस्तिकेत होते. ते बोलायची आम्हाला लाज वाटली. मग आमचा तो होकार सभ्यपणा होता की असत्य? समजत नाही हे कबूल केले असते, तर निदान आजींचा हात हातात घेऊन शांत बसता आले असते.

पुस्तिका प्रश्न विचारायला शिकवते. ऐकायला आपल्यालाच शिकावे लागते. घरी तर सर्वांची भाषा एकच असते. तरीही वर्तमानपत्रातून मान वर न करता आपण किती वेळा "हो, हो" म्हणतो?