आधी पाणी, मग नाव



गेल्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी आम्ही आडगावी निघालो होतो. एस.टी.ने फाट्यावर सोडले. पुढे दीड तासाची पायवाट. भर दुपारच्या उन्हात माझ्या सहा वर्षांच्या मुलीला भोवळ आली. जवळच मळ्यात एक घर होते. तिथली म्हातारी धावत आली. तिने मुलीला पडवीत निजवले, कांदा फोडून नाकाशी धरला, गूळ-पाणी पाजले, कपाळावर ओला फडका ठेवला. ऊन कलल्यावर तिच्या मुलाने आम्हाला बैलगाडीतून गावाच्या वेशीपर्यंत पोचवले. पैसे घेतले नाहीत.

मुलगी शुद्धीवर आल्यावर म्हातारीने सहज विचारले, "कंच्या गावचं पाव्हनं? आडनाव काय तुमचं?"

मी गाव सांगितले, मास्तर आहे हेही सांगितले. आडनाव मात्र गिळून टाकले.

वाचकहो, मी खोटे बोललो नाही. पण खरेही बोललो नाही. ते गिळलेले आडनाव आजही माझ्या घशात अडकलेले आहे. जी दया आपण कोण हे कळल्यावर टिकेल की नाही याची खात्री नसते, ती दया खरी मानावी काय?

बाबासाहेबांच्या बालपणातील प्रसंग आपणांस ठाऊक असेल. सुमारे १९०१ साली ते थोरल्या भावाबरोबर व घरातल्या मुलांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे निघाले. मसूर स्टेशनवर उतरले, तर न्यायला कोणी आलेले नाही. स्टेशनमास्तरांना या नीटनेटक्या मुलांची कणव आली. त्यांनी आपुलकीने चौकशी केली. मुलांनी जात सांगितली आणि त्यांचा चेहराच पालटला. पुढे दुप्पट भाडे देऊन गाडी मिळाली, तीही मुलांनीच हाकायची, या अटीवर. रात्री जकातनाक्यावर पाणी मागताना गाडीवानाच्या सल्ल्याने मुलांनी आपण मुसलमान आहोत असे सांगितले. तरीही पाणी मिळाले नाही. जवळ शिदोरी असून पाण्यावाचून ती मुले उपाशी झोपली.

स्टेशनमास्तरांना आलेली पहिली कणव ढोंगी होती काय? मला तसे वाटत नाही. ती खरीच होती. करुणा माणसाच्या मनात आपोआप उगवते. जात तिला मध्येच बांध घालते. जातीने हिंदूंची सहानुभूती आपापल्या जातीपुरती कोंडून टाकली, असे बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडले, ते याच अर्थाने. म्हणून त्या म्हातारीची दया मी खरीच मानतो. बांध तिच्या मनात आहे की नाही, ते मला कळले नाही. कारण मीच ते कळू दिले नाही.

तहानलेल्या लहान मुलांनी जात लपवली, तर दोष त्यांचा नाही. पाण्याला अट घालणाराचा आहे. पण मी लहान मूल नाही. माझ्यामागे शिक्षण आहे, पगार आहे, अस्पृश्यता नष्ट करणारे संविधानाचे सतरावे कलम आहे. मग मी कोणाला भ्यालो? आणि त्या माउलीला मनाने मोठे होण्याची जी संधी होती, ती मी का हिरावून घेतली?

आता दुसरी गोष्ट सांगतो. ती सांगणे अधिक कठीण आहे. महिन्याभरानंतर आमच्या दारी एक पालावरचा माणूस पाणी मागायला आला. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "कोण तुम्ही? कुठल्या समाजाचे?" तो खाली बघू लागला. ते खाली बघणे मी ओळखले. ते माझेच होते. तोवर माझी आई तांब्या घेऊन पुढे गेली होती.

चोराचिलटाचे भय असते, चौकशी करू नये काय, असे आपण विचाराल. अवश्य करावी. गाव विचारा, काम विचारा. पण पाणी दिल्यावर. आणि जात विचारल्याने चोर ओळखू येत नाही.

भिक्खू आनंदांनी प्रकृती नावाच्या मुलीकडे पाणी मागितले. आपण चांडाळकन्या आहोत, असे तिने सांगितले. आनंदांनी उत्तर दिले, की मला पाण्याशी काम आहे, तुझ्या जातीशी नाही. या कथेतला बोध देणाऱ्यालाही आहे आणि घेणाऱ्यालाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत सर्व माणसे समान मानण्याची आणि प्राणिमात्रावर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. आपण नव्याने धम्मात आलेली कुटुंबे. विहारात या प्रतिज्ञा म्हणणे सोपे आहे. त्यांची परीक्षा आपल्या उंबरठ्यावर, दुपारच्या वेळी, अनोळखी माणूस उभा राहिला म्हणजे होते. म्हणून दाराशी पाण्याचा माठ ठेवा, आणि पोरांना पाणी द्यायला पुढे पाठवा. त्यांना प्रश्न नंतर शिकवा.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्या मळ्यात जाणार आहे. म्हातारीचे आभार मानायचे आहेत आणि राहिलेले आडनाव सांगायचे आहे. ती काय म्हणेल, हे मी आज सांगू शकत नाही. ती पुन्हा पाणी देईल, असे मात्र मला मनापासून वाटते. न दिले, तरी तिने त्या दिवशी दिलेले पाणी खोटे ठरत नाही.

जयभीम.