पेरूचा वास

खोटं बोलू नये, हे मला लहानपणापासून मान्य आहे. प्रश्न एवढाच, की पैसे भरून झाल्यावर खरं बोलावं का?

परवा नाशिकला मेहुण्याकडे गेलो होतो. तो म्हणाला, "भावोजी, काळाराम झाला, तपोवन झालं, आता वायनरी बघा." द्राक्षांच्या बाबतीत माझा अनुभव म्हणजे, 'गोड आहेत ना हो?' म्हणत गाडीवरचं एक तोंडात टाकायचं आणि पुढच्या गाडीकडे वळायचं. इथे चव बघण्याचेच माणशी ४०० रुपये! पाच वाइन, प्रत्येकी ३० मिलिलिटर. मी बी.कॉम. असल्यामुळे पेल्याआधी हिशेब पोटात गेला. एका वाइनला ८० रुपये. ३० मिलिलिटर म्हणजे औषधाचे सहा चमचे. चमचा १३ रुपये ३३ पैशांना. या भावाने ७५० मिलिलिटरची बाटली २००० रुपयांना पडते, आणि तीच बाटली मागच्या फळीवर ९०० ला उभी! शेजारी थुंकायला एक भांडंही होतं. जीभ शेवटपर्यंत शुद्धीवर राहावी म्हणून जाणकार घोट घोळवून थुंकतात म्हणे. ८० रुपये थुंकण्याइतका मी जाणकार नव्हतो.

समोरच्या तरुणाने पेला दांडीला धरून गरगर फिरवला, हुंगला आणि विचारलं, "सोव्हिन्यों ब्लां. पेरूचा वास येतोय?"

सगळ्यांच्या माना हलल्या. मी नाक पेल्यात बुडवलं. पेरू सोडाच, पेरूची फोडही नाही. तरी म्हणालो, "वा! अगदी पिकलेला!"

तेवढ्यात सौ. म्हणाली, "अहो, मला तर ओल्या गवताचा वास येतोय." मी टेबलाखालून तिला पाय मारला.

"बरोबर आहे मॅडम," तो तरुण खूश होऊन म्हणाला, "या द्राक्षाला गवताचाही वास असतो."

आणि मला आमच्या बँकेतली एक संध्याकाळ आठवली. रोकड दोघांनी मोजायची आणि दोघांनी सही करायची, असा नियम. मला लोकल गाठायची होती. साहेब म्हणाले, "मी मोजलीय, बरोबर आहे." मी सही ठोकली. दुसऱ्या दिवशी २००० रुपये कमी! निम्मे माझ्या खिशातून गेले. ते मी पैसे खाल्ले म्हणून नव्हे, तर दुसऱ्याची मोजणी माझी म्हणून लिहून दिली म्हणून. पेरूचंही तेच झालं. ४०० रुपये मी स्वतःच्या जिभेचं मत ऐकायला भरले होते, आणि मत मात्र शेजाऱ्याचं नोंदवलं.

मोठमोठ्यांचंही याहून वेगळं नसतं. १९७६ साली पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी लेबलं झाकून वाइन चाखल्या, तर पांढरीत आणि लालीत, दोन्हींत पहिला नंबर कॅलिफोर्नियाचा आला! लेबल दिसत असतं, तर त्यांच्या जिभेने देशाची अब्रू राखली नसती कशावरून? खरं बोलायला जीभ तयारच असते. तिला फक्त इतरांच्या माना दिसता कामा नयेत.

शेवटी शिराझ आली. "काळी मिरी जाणवते?" पुन्हा माना हलल्या. मी धीर करून म्हणालो, "नाही बुवा." क्षणभर शांतता. मग कोपऱ्यातले एक सफारीवाले गृहस्थ हळूच म्हणाले, "खरं सांगू? मलाही नाही." त्यांच्या चेहऱ्यावर कर्ज फिटल्याचं समाधान होतं.

रात्री मेहुण्याकडे जेवताना वहिनींनी विचारलं, "भावोजी, आमटी कशी झालीय?"

आमटीत मीठ नव्हतं. पण इथे माणशी ४०० भरले नव्हते. प्रेमाने वाढलेलं होतं.

"उत्तम!" मी म्हणालो. टेबलाखालून या वेळी पाय सौ.चा आला.