दुरुस्तीची मर्यादा

दुरुस्ती आणि सुधारणा हे शब्द आपण जोडीने वापरतो. पण त्यांचे आपसांत फारसे पटत नसावे. आमच्या कोरपना तालुक्यात गडचांदूर आणि आवारपूर येथे सिमेंटचे कारखाने आहेत. मातीच्या घराची एक भिंत खचली की ती लिंपण्याऐवजी सगळे घरच सिमेंटचे करावे, असे इथे सहज सुचते. घर बळकट होते, यात शंका नाही. पण त्याला जुन्या घराची दुरुस्ती म्हणावे काय?

हा प्रश्न मला अलीकडे संगणकावरच्या एका खेळाने पुन्हा घातला. माझा पुतण्या ‘डूम’ नावाच्या खेळाची डागडुजी करीत असतो. हा खेळ १९९३ साली अमेरिकेत निघाला. १९९७ साली त्याच्या कर्त्यांनी मूळ आज्ञावली लोकांपुढे ठेवली आणि १९९९ साली ती मुक्त परवान्याखाली आली. वाटेल त्याने ती बदलावी. मात्र बदललेला खेळ दुसऱ्याला देताना त्याची आज्ञावलीही खुली ठेवावी, ही अट.

खेळातली दृश्ये रेखाटणारा जो भाग, ज्याला ही मंडळी ग्राफिक्स इंजिन म्हणतात, त्याला एक मर्यादा होती. जमीन आणि छत यांचे १२८ पर्यंतच तुकडे तो एका वेळी लक्षात ठेवी. त्याहून अधिक नजरेत आले की खेळच बंद पडे. १९९८ साली निघालेल्या ‘बूम’ या आवृत्तीने ती मर्यादा काढली. डोळ्याला अधिक दिसू लागले. यात कुणाचेच बिघडले नाही.

घोटाळा पुढे आहे. खेळणारे आपला डाव नोंदवून ठेवतात. त्या नोंदीत चित्रे नसतात. कोणती कळ केव्हा दाबली, एवढेच असते. नियम तेच असले तरच तो डाव पुन्हा उभा राहतो. हालचालीच्या नियमांतली एखादी चूक कुणी सुधारली, की पंचवीस वर्षांपूर्वीचा विजेता भिंतीवर आपटत राहतो. म्हणून ‘चॉकलेट डूम’सारखी आवृत्ती जुन्या चुकाही मुद्दाम जपते.

पुतण्याला हे मान्य नाही. ‘चूक ती चूकच, काका. ती जपायची कशाला?’ त्याचे म्हणणे सोडून देण्यासारखे नाही. जुनेपणानेच चूक पवित्र होत असती, तर एकही रूढी मोडता आली नसती. परंतु रूढी जित्या माणसाला जाचते. ही चूक कुणाला जाचत नाही, आणि कुणाचे तरी कसब तिच्यावर उभे आहे.

अशा वेळी मला एकनाथ आठवतात. शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ते स्वतः समर्थ कवी. एखादी ओवी अधिक गोड करणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी अपपाठ काढले, आणि ग्रंथात आपली ओवी घालू नये, असे पुढच्यांना बजावले. तो परवाना बदलाला मोकळीक देतो, नाथ ती नाकारतात. पण परवान्यातही एक कलम आहे की बदललेल्या भागावर बदलाची नोंद असावी. मूळचे कोणते आणि आपले कोणते, याची सरमिसळ दोघांनाही नको आहे.

काही आवृत्त्यांनी यातून वाट काढली आहे. जुना डाव लावला की त्या जुने नियम चालवतात, नवा लावला की नवे. काम दुप्पट पडते आणि त्याबद्दल कुणी शाबासकी देत नाही. माझ्या मते दुरुस्ती म्हणतात ती हीच.