शड्डू आणि प्रामाण्य

आमच्या पनवेलच्या घराच्या गच्चीवर गेले वर्षभर रोज पहाटे एक युद्ध चालते आणि त्यात शत्रू मात्र कधीच हजर नसतो. माझा सोळा वर्षांचा पुतण्या, गावातल्या एका वर्गात चिनी कुंग-फूची दीक्षा घेतल्यापासून, उजाडण्यापूर्वी वर जाऊन गुडघे वाकवून घोडाबैठकीत उभा राहतो, आणि इतका वेळ निश्चल राहतो की तो जागचा हलला म्हणजे फरशीवर त्याच्या दोन तळव्यांचे ओले ठसे, बोटांसकट, उमटलेले दिसतात. मग तो कोणाचा तरी प्रहार मनगटावर झेलतो, कोणाच्या तरी बरगडीत कोपर खुपसतो, आणि अखेरीस त्या नसलेल्या प्रतिपक्षाला लवून नमस्कार करून चहाला खाली येतो. गेल्या महिन्यात एके दिवशी तो आला तेव्हा त्याच्या मुद्रेवर नेहमीची प्रसन्नता नव्हती. “काका, हे खऱ्या लढतीत चालतं का हो?” त्याने विचारले. “की मी नुसताच नाचतोय?”

प्रश्नाचे मूळ त्याच्या मोबाइलमध्ये होते. एप्रिल २०१७ मध्ये चीनमधील छेंगदू शहरी, ज्याला हल्ली सर्रास एमएमए म्हणतात त्या मिश्र द्वंद्वक्रीडेचा पुरस्कर्ता शू श्याओदोंग याने वेई लेई नावाच्या ताय-चीच्या आचार्याला अर्ध्या मिनिटाच्या आत भुईवर पाडून लढत निकालात काढली, त्याची ती चित्रफीत होती. असे प्रसंग पूर्वीही घडले आहेत. १९५४ च्या जानेवारीत मकाव येथे ताय-ची आणि श्वेतबक या दोन चिनी संप्रदायांच्या नामांकित आचार्यांत जाहीर सामना झाला, तेव्हा पंचांनी तो दुसऱ्याच फेरीत थांबवून कोणाचाही जय वा पराजय जाहीर केला नाही. आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे सर्व संप्रदायांना एका पिंजऱ्यात उतरवण्यात आले, तेव्हा देखणे पवित्रे घेणारे मागे पडून, प्रतिस्पर्ध्याला कवटाळून जमिनीवर नेणारा होईस ग्रेसी हा ब्राझीलचा शिडशिडीत जुजुत्सूपटू जिंकला. मुलाच्या वर्गात भिंतीवर बोधिधर्माची तसबीर आहे. त्या भारतीय भिक्षूने शाओलिन मठात ही विद्या नेली ही कथा आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितली जाते, परंतु त्याचा मुष्टियुद्धाशी संबंध जोडणारे लिखाण सतराव्या शतकापलीकडे जात नाही, हे मी त्याला त्या दिवशी सांगितले नाही. एका सकाळी एकच देव पाडावा.

हा प्रश्न पोराला कालचा वाटत असला तरी आपल्या शास्त्रकारांनी तो हजार-बाराशे वर्षांपूर्वी, मुष्टींचा म्हणून नव्हे पण ज्ञानाचा म्हणून, पुरेपूर भांडून ठेवला आहे. एखादे ज्ञान प्रमाण आहे हे कशावरून ठरावयाचे? कुमारिल भट्टाच्या परंपरेतील मीमांसक म्हणतात, ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध आहे; ते उपजताना प्रमाण म्हणूनच उपजते आणि त्याला बाहेरच्या जामिनाची गरज नसते. नैयायिक म्हणतात, छे. दूरवर पाणी दिसले तरी ते पाणी की मृगजळ हे तिथे जाऊन ओंजळ भरल्यावर आणि तहान भागल्यावर ठरेल, म्हणजे प्रामाण्य परतः आहे, प्रवृत्ती सफल होण्यावर अवलंबून आहे. बौद्धांचा धर्मकीर्ती तर याहून रोखठोक: ज्याच्याकडून कार्य घडते तेच सत्. या हिशेबाने पुतण्याचा गुरू हा मीमांसक ठरतो आणि तो पिंजरा नैयायिक. गुरू म्हणतो, ही विद्या परंपरेने आली आहे, म्हणून प्रमाण आहे. पिंजरा म्हणतो, ओंजळ भरून दाखवा.

परंतु मीमांसकाची बाजू जितकी भोळी समजली जाते तितकी ती नाही, आणि माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. स्वतःप्रामाण्याला एक अट जोडलेली आहे: बाधक ज्ञान उत्पन्न होईपर्यंत. दोरीवर भासलेला साप दिवा येईपर्यंत सापच असतो. पण जो माणूस आपला साप टिकावा म्हणून घरात दिवाच येऊ देत नाही, त्याला मीमांसक म्हणता येत नाही, त्याला दुसरे काहीतरी म्हणावे लागते. ‘आमचे डाव इतके प्राणघातक आहेत की ते सरावात पूर्ण जोराने वापरताच येत नाहीत,’ हे जे उत्तर अनेक आचार्य देतात, ते दिव्याला केलेली मनाई आहे. जो डाव कोणावर कधी पुरा पडलाच नाही, तो प्राणघातक आहे ही खबर आचार्यांना तरी कोणी दिली?

जपानच्या जिगोरो कानो याने १८८२ मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा स्थापताना जुन्या जुजुत्सूतील घातक डाव मुक्त सरावातून वगळले, आणि उरलेले सौम्य डाव शिष्यांकडून रोजच्या रोज, विरोध करणाऱ्या जिवंत जोडीदारावर, सर्व शक्तीनिशी करवून घेतले. त्याचा परिणाम असा की सौम्य विद्या शिकलेले जहाल विद्या शिकलेल्यांना भारी पडू लागले. आपल्या तालमीला हे रहस्य कानोच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. कुस्तीत ठोसा नाही, लाथ नाही, बोट पिरगाळणे नाही, आणि नाही म्हणूनच ताक, लिंबू, हळद आणि तेल मुरवलेल्या त्या तांबड्या मातीत पोर रोज संध्याकाळी दहा वेळा पूर्ण जोराने पडते आणि अकराव्यांदा उठून शड्डू ठोकते. एकेरी पट काढावयाचा तो अशा पायाचा, जो निसटण्यासाठी जिवाचे रान करीत असतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव लंडनच्या १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये मॅटवर उतरले तेव्हा ती मॅट, ते गुण आणि ते घड्याळ सगळेच त्यांना नवखे होते. तरी ते सहावे आले, आणि चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आले. मातीची विद्या नव्या आखाड्यात चालली, कारण ती जुन्या आखाड्यात रोज हरण्याची सवय करून आली होती. चिनी विद्येचेही हेच: २०१९ मध्ये शेनझेनच्या पिंजऱ्यात ४२ सेकंदांत जगज्जेती झालेली झांग वेईली सांदा शिकलेली होती, आणि सांदा म्हणजे चिनी प्रहार व फेक यांना प्रत्यक्ष टकरीच्या शिस्तीत बसवलेली आधुनिक क्रीडा.

मग गच्चीवरचा तो नमस्कार सर्वस्वी व्यर्थ समजावयाचा काय? येथे मला मल्लखांब आठवतो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी तो नावारूपास आणला असे परंपरा सांगते. त्याचे नावच सांगते की हा खांब मल्लाची जागा घेण्यासाठी उभा राहिला. आज एरंडेलाने तुळतुळीत केलेल्या त्या खांबावर मुले-मुली ज्या कसरती करतात, त्या पाहताना कुस्तीची आठवण कोणालाही होत नाही. प्रतिपक्ष निघून गेला, खांब उरला, आणि खांबाभोवती एक स्वतंत्र, निखळ सुंदर कला वाढली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवावयास गेले होते. त्याच प्रसंगी चीनचे पथकही आपले पारंपरिक युद्धप्रकार घेऊन तेथे हजर होते. दुबळ्या ठरवलेल्या या दोन देशांनी आपली शरीरे जगापुढे मांडली, पदकासाठी नव्हे. पण अमरावतीच्या कोणा मल्लखांबपटूने आपण याच्या जोरावर मुष्टियोद्ध्याला लोळवू असे म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. उपासनेला शस्त्र म्हणून विकले की लबाडी सुरू होते.

आणि ती लबाडी माणसे मारते. १९०० च्या चिनी उठावात, ज्याला इंग्रजांनी बॉक्सरांचे बंड म्हटले, तरुणांना विधी करून सांगण्यात आले की आता गोळी तुम्हांस लागणार नाही, ती लागली. आपल्याकडे इतके दूर जाण्याचे कारण नाही. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने निघाले की पळस्पे लागते, पुढे शिरढोण, आणि मग कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा सुळका. शिरढोणला ४ नोव्हेंबर १८४५ रोजी जन्मलेले वासुदेव बळवंत फडके पुण्यास लष्करी हिशेबखात्यात कारकुनी करीत असता गंज पेठेत लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत दांडपट्टा आणि तलवार शिकले. मे १८७९ मध्ये, इंग्रजांविरुद्धच्या त्यांच्या बंडात, त्यांच्या बाजूच्या दौलतराव नाईकाने याच पळस्प्यावर आणि चिखलीवर धाड घातली, आणि परतीच्या वाटेवर मेजर डॅनियलच्या तुकडीने गाठून गोळीबारात त्याला ठार केले. लहुजींच्या तालमीत अभेद्यतेचे मंत्र नव्हते. तिथे कष्ट होते आणि निशाणबाजीही होती. तरीही पट्ट्याचा हात बंदुकीपुढे आखूड पडला, हे कागदोपत्री दर्ज आहे.

पण कागदोपत्री आणखीही एक गोष्ट आहे. पकडले गेल्यावर फडक्यांना एडनच्या तुरुंगात धाडण्यात आले आणि तेथून ते एकदा निसटले, ते कोठडीचे दार बिजागऱ्यांवरून उचकटून. वस्तादांच्या तालमीत हा डाव कोणी शिकवला नव्हता. मीमांसक याला अपूर्व म्हणेल: केलेले कर्म अदृश्य रूपाने साठून राहते आणि भलत्याच वेळी, भलत्याच ठिकाणी फळते. मला हा शब्द मोहात पाडतो आणि म्हणूनच त्याची भीती वाटते, कारण ज्याला फळ दाखवता येत नाही असा प्रत्येक भोंदू याच शब्दाच्या आडोशाला बसलेला असतो. दाराचे तेवढे खरे होते. फडके लौकरच पुन्हा पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच वारले.

यातले निम्मेअधिक मी पुतण्याला सांगितले. त्याने ते मोठ्यांचे ऐकावे तसे ऐकले. मग रविवारी त्याला जवळच्या एका खेड्यातल्या आखाड्यात नेले. तिथल्या वस्तादांनी त्याच्यासमोर एक जोड उभा केला, वयाने दोन वर्षांनी लहान, कान मोडलेला, सारखे नाक ओढणारा. पुतण्याने घोडाबैठक घेतली. त्या पोराने ती नीट पाहूनसुद्धा घेतली नाही. खाली वाकला, पुढचा पाय उचलला, आणि आमचा वीर मातीत उताणा. “पाय दिलास रं,” वस्ताद म्हणाले, “उभा झकास राह्यलास, पण पाय दिलास.”

सोमवारी पहाटे मी चाहूल घेत गच्चीवर गेलो. तो नेहमीच्या जागी, नेहमीच्या बैठकीत, डोळे मिटून उभा होता, आणि कानामागे कालची माती अजून तशीच होती. तो हलल्यावर मी फरशीवरचे ठसे पाहिले. पुढचा पाय रोजच्यापेक्षा वीतभर मागे घेतलेला होता.