आश्रित कोण?

वृद्धांच्या शुश्रूषेसाठी परदेशांतून माणसे बोलावणाऱ्या ब्रिटनने ११ मार्च २०२४ पासून एक नियम लागू केला : नव्याने येणाऱ्या केअर वर्करला जोडीदार वा मूल सोबत आणता येणार नाही. जुलै २०२५ मध्ये तर परदेशांतून ही भरतीच थांबली. नैतिक प्रश्न मात्र उरतोच. धुळ्याहून वा जळगावहून गेलेल्या आईचे मूल सरकारी भाषेत 'आश्रित' ठरते. पण तिच्या हातून घास घेणारे परक्या घरचे आजोबा आश्रित नव्हेत काय? त्यांचे आश्रितपण राज्य जाणते, लेकराचे नाही.

सरहद्दीत किती जणांना घ्यावे हे ठरविण्याचा अधिकार राज्याला आहे, हे मान्य. परंतु आईची माया वेतनावर घ्यायची आणि त्या मायेचा पहिला हक्कदार दाराबाहेर ठेवायचा, हे न्याय्य कसे? स्थलांतरितांच्या कुटुंबाचे शक्य तितक्या लवकर एकत्र येणे हा व्हॅटिकनच्या १९८३ च्या कुटुंब-हक्कांच्या सनदेने हक्कच मानला आहे.

मूल जवळ असले की सारे साधले, असे मात्र नाही. चाळीसगावकडचा ऊसतोड मजूर दिवाळीनंतर बिऱ्हाडासह कारखान्यावर जातो. लेकरे नेण्यास त्याला परवाना लागत नाही, शाळा तेवढी सुटते. उलट आजीच्या अंगणात अहिराणी बोलत वाढणारे मूल काही अनाथ नसते. त्याला ठेवावे की न्यावे, हे आईबापांनी ठरवावे. परक्या खात्याने नव्हे. आणि मुलाने? १९८९ च्या बालहक्क करारात त्याचे मत ऐकावे असे म्हटले आहे. पासपोर्टच्या अर्जावर सहसा दोन्ही पालकांची संमती घेतात. लेकराला अद्याप कोणी विचारलेले नाही.